‘रॉजर’ म्हणजे ‘हो’ नव्हे

दर वर्षी जानेवारीचा शेवटचा आठवडा आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर होमी भाभांचा फोटो येतो. खाली ठरलेला मजकूर: विमान पाडलं गेलं, सीआयएचा हात होता, भारताला अणुबॉम्ब करू द्यायचा नव्हता. त्याखाली जोडलेल्या हातांची आणि आवळलेल्या मुठींची रांग. मी एकदोनदा लिहून पाहिलं की फ्रेंचांनी रीतसर चौकशी केली होती आणि तिचा निष्कर्ष वेगळा आहे. एकाने ‘तुम्ही फारच भोळे बुवा’ असं उत्तर दिलं, बाकीच्यांनी ते वाचलंही नसावं.

तो निष्कर्ष वाचला तर मात्र झोप उडते. २४ जानेवारी १९६६. शास्त्रीजींना जाऊन तेरा दिवस झालेले, दिल्लीत त्याच दिवशी इंदिरा गांधींचा शपथविधी. एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली, बैरूत करत जिनिव्हाला निघालं होतं. दिशा दाखवणाऱ्या दोन रेडिओ उपकरणांपैकी एक बंद आहे हे बैरूत सोडतानाच कॅप्टनला माहीत होतं. आल्प्सवर आल्यावर माँ ब्लां या शिखरापासून आपण नेमके कुठे आहोत याचा अंदाज चुकला आणि तो चुकलेला अंदाज जिनिव्हाला कळवला गेला. जिनिव्हाच्या कंट्रोलरने, म्हणजे जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्याने, रडारवर पाहिलं. चूक त्याच्या लक्षात आली. त्याने विमानाची खरी जागा काढली आणि सांगितली. म्हणजे एवढ्या साखळीत जे काम सगळ्यात अवघड, चूक वेळेत पकडण्याचं, ते झालं होतं. पण ज्या शब्दांत ती जागा सांगितली ते पुरेसे नेमके नव्हते. कंट्रोलरला म्हणायचं होतं की डोंगर अजून पुढे आहे. कॉकपिटमध्ये समजलं ते असं की डोंगर मागे पडला. पलीकडून ‘रॉजर’ आलं. विमान उतरत राहिलं आणि शिखराच्या जरासं खाली आदळलं. ११७ माणसं गेली, भाभा त्यांतले एक.

नेमक्या शब्दांअभावी दुरुस्तीचा अर्थ चुकीचा लागला, असं चौकशी अहवाल म्हणतो. ग्रुपवरच्या माणसाला हे पटत नाही याचं मला नवल वाटत नाही. एवढा मोठा माणूस एका ढिल्या वाक्यापायी गेला हे पचवण्यापेक्षा शत्रूने मारला हे पचवणं सोपं आहे. कटाला चेहरा असतो, त्याला शिव्या देता येतात. वाक्याला शिव्या कशा देणार? आणि हीच खोड पुढे प्रत्येक अपघाताच्या वेळी डोकं वर काढते. पायलट की कंट्रोलर, कुणाचं चुकलं ते सांगा, निलंबित करा, विषय संपवा. माझं भांडण या खोडीशी आहे.

आधी ‘रॉजर’चं बघू. सिनेमांमुळे आपल्याला वाटतं की रॉजर म्हणजे होकार. विमानाच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की तुमचं शेवटचं बोलणं मला पूर्ण ऐकू आलं. समजलं, पटलं, करतो, यांतलं काहीही त्यात नाही. करतो म्हणायला ‘विल्को’ आहे, होकाराला ‘अफर्म’ आहे. आपल्याकडे रॉजरचा सख्खा भाऊ म्हणजे ‘बरं’. सासूबाईंना म्हटलेलं बरं, साहेबांना म्हटलेलं बरं आणि विमा विकणाऱ्या पोराला म्हटलेलं बरं, तिन्ही वेगळी. ऐकणारा आपल्याला हवं ते बरं उचलतो.

तीन वर्षांपूर्वी होळीला सोसायटीसाठी पुरणपोळ्या मागवायचं काम माझ्याकडे आलं. घरगुती पोळ्या करून देणाऱ्या एका ताईंना फोन लावला. त्यांच्याकडे कुकरच्या शिट्ट्या, माझ्याकडे रिक्षांचे हॉर्न. ‘ताई, साठ पोळ्या, संध्याकाळी सहापर्यंत.’ ‘बरं.’ सहाच्या ठोक्याला केळीच्या पानात गुंडाळलेल्या, वर तुपाचा हात फिरवलेल्या, अगदी मऊसूत अशा सात पोळ्या आल्या. खाली होळीभोवती पन्नासएक माणसं बोंबा मारत होती. पाऊण तासाने त्या कुणाच्या नावाने चालल्या होत्या ते सांगत नाही. ताईंचं काय चुकलं? त्यांनी सात ऐकल्या, सात केल्या, वेळेवर पाठवल्या. चुकलो मी. आकडा त्यांच्या तोंडून वदवून न घेता ‘बरं’वर फोन ठेवून दिला.

मिसळीच्या हॉटेलातला वेटर ही चूक करत नाही. ‘दोन मिसळ, एक बिनकांद्याची, तर्री वेगळी, चार पाव जास्तीचे, तीन चहा, एक बिनसाखरेचा’ असं सगळं घडाघडा म्हणून दाखवतो आणि क्षणभर तुमच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. आकाशात या म्हणून दाखवण्याला ‘रीडबॅक’ म्हणतात, आणि उंची, दिशा, धावपट्टीवर शिरण्याची, ती ओलांडण्याची, उतरण्याची परवानगी अशा गोष्टींसाठी तो सक्तीचा आहे. पण वेटरचं ते क्षणभर बघणं आहे ना, तो त्याचा दुसरा अर्धा भाग. पायलटने म्हणून दाखवलेलं कंट्रोलरने खरोखर ऐकलं पाहिजे. गाडी तिथेच घसरते. शंभर वेळा बरोबर आलेलं उत्तर एकशेएकाव्या वेळी चुकीचं आलं, तरी कान बरोबरच ऐकतो. कानाला सवयीची गोष्ट हवी असते.

क्वालालंपूरजवळ १९ फेब्रुवारी १९८९ रोजी मालवाहू बोइंग ७४७ डोंगरावर आदळलं, चौघे गेले. कंट्रोलरने २४०० फुटांवर उतरायला सांगताना आकडे सुटे म्हटले, ‘टू फोर झीरो झीरो’. पहिलं ‘टू’ कॉकपिटमध्ये आकडा म्हणून पोचलंच नाही, ‘पर्यंत’ या अर्थाचं ‘टू’ म्हणून पोचलं. राहिले चारशे फूट. पायलटने उत्तरात ‘फोर झीरो झीरो’ म्हणूनही दाखवलं. त्या क्षणी कंट्रोलरच्या कानाने काम केलं असतं तर ती चूक सात-साठच्या गोष्टीसारखी हसण्यावारी गेली असती.

आकड्यांवरून आठवलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेपन्नला ‘पन्नास तीन’ म्हणण्याची पद्धत आली तेव्हा आपण काय गोंधळ घातला होता! डॉ. मंगला नारळीकरांसारख्या गणिती विदुषीची टिंगल झाली. खरं सांगतो, त्रेपन्न, एकोणसत्तर हे शब्द माझ्या कानाला गोड लागतात आणि तो बदल तेव्हा मला रुचला नव्हता. पण बाईंचा मुद्दा साधा होता: लिहिताना आधी पाच, बोलताना आधी तीन, मूल अडखळणारच. विमानवाले याच वाटेने कधीच गेले आहेत. तिथे आकडे बहुतेक वेळा सुटे, लिहिल्या क्रमानेच म्हणतात. थ्रीचं ‘ट्री’ करतात, फाइव्हचं ‘फाइफ’, आणि नाइन तर ‘नाइनर’. कानाला बोजड लागतं, लागू दे. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही मुळाक्षरं १९५६ पासून चालत आली आहेत. तीही वेगवेगळ्या भाषांच्या माणसांकडून बोलवून आणि त्यांना ऐकवून पारखलेली. फोनवर आडनाव सांगताना आपण ‘भ भटजीचा’ म्हणतो, त्याचीच ही घासूनपुसून घेतलेली आवृत्ती.

पण शब्दांचा खरा धडा तेनेरिफचा. या विषयावर बोलणारा प्रत्येक जण तेनेरिफवर येतो, मीही येणार, फक्त थोडा वेगळ्या जागी थांबणार.

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांवरच्या लास पालमासच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून विमानं शेजारच्या तेनेरिफ बेटावर, लॉस रोदेओसच्या लहानशा विमानतळावर वळवली. विमानं उभी करून करून बाजूचा रस्ता तुंबला, तेव्हा विमानांवर मुख्य धावपट्टीवरूनच हळूहळू टोकाला जायची वेळ आली. त्यात धुकं उतरलं. केएलएम या डच कंपनीचं जंबो टोकाला जाऊन वळून उभं राहिलं; अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमचं जंबो त्याच पट्टीवर मागून येत होतं, मधल्या वाटेने बाहेर पडायच्या बेतात. टॉवरने केएलएमला मार्गाची परवानगी दिली, म्हणजे उड्डाणानंतर कुठे वळायचं, किती चढायचं. उड्डाणाची परवानगी ती नव्हे, पण ‘टेकऑफ’ हा शब्द त्या वाक्यात होता. केएलएमच्या पायलटने सगळं म्हणून दाखवलं आणि शेवटी जोडलं, ‘वुई आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ’. आता हे इंग्रजी कोणत्या पुस्तकातलं? आम्ही उड्डाणाच्या जागी आहोत, की उडालोच? कंट्रोलरने पहिला अर्थ घेतला. तो म्हणाला ‘ओके’, जरा थांबला, मग म्हणाला की उड्डाणासाठी थांबा, मी सांगतो. नेमक्या त्याच वेळी पॅन अ‍ॅमवाले घाबरून बोलले की आम्ही अजून पट्टीवर आहोत.

विमानाचा रेडिओ फोनसारखा नसतो. एका लहरीवर एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर तिसऱ्याला नुसती शिट्टी ऐकू येते, आणि बोलणाऱ्या दोघांना आपलं बोलणं पोचलं नाही याचा पत्ताही नसतो. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ पोचलं, पुढे कर्कश शिट्टी. जीव वाचवणारी दोन वाक्यं एकमेकांवर आपटून खलास झाली.

लोक इथे थांबून हळहळतात. मी पुढच्या काही सेकंदांपाशी थांबतो. टॉवरने पॅन अ‍ॅमला सांगितलं की पट्टी मोकळी केलीत की कळवा. पॅन अ‍ॅमने हो, कळवतो म्हटलं. हे बोलणं केएलएममध्ये ऐकू आलं. विमान धावू लागलेलं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. त्याने विचारलं, तो पॅन अमेरिकन अजून बाहेर पडला नाही का? कॅप्टन ठासून म्हणाला, पडला की. कॅप्टन साधासुधा नव्हता. केएलएममध्ये जंबो चालवायला शिकवणाऱ्यांचा प्रमुख, कंपनीच्या जाहिरातीत ज्याचा फोटो झळकतो असा माणूस. इंजिनिअर गप्प बसला. ५८३ माणसं मेली. विमान वाहतुकीत इतका मोठा अपघात आजवर दुसरा झालेला नाही.

रेडिओच्या शिट्टीइतकंच त्या इंजिनिअरच्या गप्प बसण्याने त्या दिवशी काम केलं. आणि हे हॉलंडमधल्या माणसाचं झालं, जिथे म्हणे लोक तोंडावर बोलतात. आपल्याकडे तर साहेबाला दुसऱ्यांदा ‘काय म्हणालात?’ विचारणं म्हणजे एक तर आपण बहिरे किंवा आगाऊ. शाळेत ‘समजलं का?’ या प्रश्नाला चाळीस पोरं एका सुरात ‘हो’ म्हणतात. तिथे सुरुवात होते.

तेनेरिफनंतर एक फार चांगली गोष्ट झाली: टेकऑफ हा शब्द सोवळ्यात गेला. आता उड्डाणाची परवानगी देताना किंवा दिलेली काढून घेतानाच तो उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. एक शब्द देवघरात ठेवून दिला, इतर वेळी शिवायचा नाही. अशा सोवळ्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर पुन्हा तेच दिसलं. तटरक्षक दलाच्या लहान विमानाला सांगितलं होतं की तुम्ही ‘नंबर वन’, थांबण्याच्या जागेपर्यंत या. रांगेतला पहिला नंबर ही माहिती होती. कॅप्टनला ती मोकळीक वाटली आणि विमान थेट धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं. मागून उतरणारं प्रवासी विमान त्याच्यावर आलं. प्रवासी विमानातले ३७९ जण सुखरूप बाहेर पडले, लहान विमानातल्या सहापैकी पाच जण गेले. त्यानंतर जपानने काही काळ ‘नंबर वन’ म्हणणंच बंद ठेवलं. शब्दावर कारवाई झाली, आणि माझ्या मते ती माणसावरच्या कारवाईपेक्षा जास्त कामाची.

आपल्या घरचं उदाहरण चरखी दादरीचं. १२ नोव्हेंबर १९९६, संध्याकाळ. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं जंबो १४ हजार फुटांपर्यंत चढत होतं. समोरून कझाकस्तानचं इल्युशिन दिल्लीला येत होतं, त्याला १५ हजारांवर राहायचं होतं. दिल्लीत तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाशात एकच गल्ली, आणि कंट्रोलरच्या रडारवर विमानांची उंची दिसत नव्हती. पायलट सांगेल तीच खरी. कंट्रोलरने कझाक विमानाला सांगितलं की समोरून जंबो येतंय, दिसलं की सांगा. तिकडून विचारणा झाली, किती मैल? तेही सांगितलं. फितीवर ऐकलं तर बोलणं जवळजवळ आदर्श. आणि तरी कझाक विमान आपल्या पंधरा हजारांखाली घसरलं होतं. हरियाणातल्या शेतांवर ३४९ माणसांच्या देहांचा सडा पडला.

का घसरलं? न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीत जे पुढे आलं त्यातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी: टॉवरशी इंग्रजीत बोलणारा माणूस वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे. सोव्हिएत पद्धतीप्रमाणे रेडिओवाला स्वतंत्र बसायचा. त्याच्यापुढे स्वतःचा उंची दाखवणारा काटा नव्हता. बघायचंच तर पायलटांच्या खांद्यांवरून डोकावायचं. त्यात यांची सवय मीटरची, दिल्लीचा हिशोब फुटांचा. टॉवर ज्याच्याशी बोलत होता त्याच्या तोंडी बरोबर आकडा होता, पण दांडा ज्याच्या हातात होता त्याच्या डोक्यात तो उतरला नव्हता. रीडबॅकने कान आणि तोंड जागेवर आहेत एवढंच सिद्ध होतं, हे इथे दिसतं. त्या अपघातानंतर भारतात टक्कर टाळणारं टीकॅस हे यंत्र विमानांत सक्तीचं झालं, येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या. आधी व्हायला हवं होतं हे म्हणायला आता कुणीही पुढे येईल.

इथे मराठी वाचकाच्या मनातला प्रश्न मला ऐकू येतो: मग ज्याने त्याने आपल्या भाषेत का बोलू नये? २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या सक्तीवरून महाराष्ट्रात जो विरोध झाला, त्यात मीही होतो. बँकेत, रेल्वेत, औषधाच्या बाटलीवर मराठी हवी म्हणून अर्ज करणारा मी माणूस. पण मुंबईच्या आकाशात मला मराठी नको आहे, आणि हिंदीही नको. कारण त्या लहरीवर पायलट फक्त कंट्रोलरचं ऐकत नसतो. पुढचा कुठे उतरतोय, मागचा किती उंचीवर आहे, हे चोरून नव्हे, हक्काने ऐकत असतो. त्यातूनच त्याच्या डोक्यात आकाशाचं चित्र तयार होतं.

झाग्रेबवर १० सप्टेंबर १९७६ रोजी दोन विमानांची टक्कर होऊन १७६ जण गेले. कामाच्या ओझ्याखाली दबलेला कंट्रोलर अखेरच्या क्षणी युगोस्लाव्ह पायलटाशी मातृभाषेत बोलू लागला; ब्रिटिश पायलटांना त्यातलं अक्षर कळण्याची शक्यता नव्हती. त्याला दोष कसा देऊ? ठेच लागली की ‘आई गं’च येतं तोंडात. पॅरिसला २५ मे २००० च्या रात्री एका विमानाला फ्रेंचमध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली, दुसऱ्याला इंग्रजीत त्याच पट्टीवर यायला सांगितलं गेलं. इंग्रज पायलटांना पहिल्याची खबर नव्हती. एक पायलट गेला, आणि दोन भाषांचा वापर हे अपघाताच्या कारणांपैकी एक म्हणून तपासात नोंदलं गेलं.

कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताचा दाखला माझ्या विरोधात जातो, तोही सांगतो. तिथे कंट्रोलर फ्रेंच बोलतात. १९७६ मध्ये त्यावरून कॅनडात पायलटांचा संप झाला, मग आयोग बसला आणि १९७९ मध्ये त्याने दोन भाषा सुरक्षित ठरवल्या. आजही चाललं आहे. पण तिथे दोनच भाषा. मुंबईच्या लहरीवर आखाती, आफ्रिकी, युरोपीय पायलट आणि आपले केरळपासून काश्मीरपर्यंतचे. इथे एकाला सूट दिली की दहाजण हात वर करतील.

पण सगळ्यांनी इंग्रजी बोलायचं म्हणजे कोणतं इंग्रजी? इथे आपल्याकडे मोठी गफलत होते. आपल्याला चांगलं इंग्रजी म्हणजे कॉन्व्हेंटचं, झरझर, नाकातून. विमानाला ते चालत नाही. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाचं एक विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळलं, ७३ जण गेले. तासाभराहून जास्त ते आकाशात घिरट्या घालत थांबलं होतं. कॅप्टन सहवैमानिकाला म्हणाला, त्यांना सांग की इमर्जन्सी आहे. सहवैमानिकाने सांगितलं काय, तर ‘आमचं इंधन संपत चाललंय, सर’. व्याकरण बिनचूक. पण तो एक ठरलेला संकटाचा शब्द, ‘मेडे’, तो आलाच नाही, आणि न्यूयॉर्कच्या गर्दीत ‘इंधन संपत चाललंय’ हे वाक्य दिवसातून कितीतरी विमानं म्हणतात. ‘सर’ मात्र न विसरता आलं, यावर मी कधी कधी विचार करत बसतो.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३ मध्ये इंग्रजीच्या सहा पायऱ्या ठरवल्या. चौथी पायरी २००८ पासून किमान. चौथीवाल्याला दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा. सहावीवाला, म्हणजे बहुधा जन्मापासून इंग्रजी बोलणारा, कायमचा सुटला. मला हे उलटं वाटतं. लातूरच्या मराठी शाळेत शिकून, धडपडून, वाक्यं घोटून घोटून कंट्रोलर झालेली मुलगी ठरलेली वाक्यं ठरलेल्या वेगात म्हणेल. टेक्सासचा पायलट वाक्याचा शेवट गिळेल, बोलीतला शब्द घुसवेल आणि समोरच्याला कळलं नाही तर तेच आणखी जोरात म्हणेल. परीक्षा खरी त्याची घ्यायला हवी, आणि तिच्या उच्चारांना हसणाऱ्या आपल्याकडच्या शहाण्यांचीही.

यंत्रं मदतीला येत आहेत. समुद्रावर पायलट आणि कंट्रोलर आता एकमेकांना लेखी संदेश पाठवू शकतात. खरखरीत रेडिओवर ओरडून घसा बसवण्यापेक्षा बरं. पण उतरण्याच्या गर्दीत टाइप करायला वेळ नसतो, आणि लिखित संदेश इतर पायलटांना ऐकू येत नाही. शेवटी माणूस आणि त्याचा आवाज उरतोच.

मग त्या माणसाशी वागायचं कसं, हा माझ्या लेखी कळीचा प्रश्न. ८ जून २०२४ ला मुंबईत एक विमान पट्टी सोडून उडत होतं आणि त्याच्या मागे दुसरं त्याच पट्टीवर टेकलं. व्हिडिओ देशभर फिरला. नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने चौकशी लावली, कंट्रोलरला कामावरून बाजूला केलं. चौकशीपुरतं बाजूला करणं समजू शकतो, त्या माणसाच्याही भल्याचं असेल. पण ही मुंबई आहे. दोन पट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. ११ नोव्हेंबर २०२३ ला या विमानतळावर चोवीस तासांत १०३२ विमानं आली-गेली. आता नवी मुंबईचा विमानतळही त्याच आकाशात भर घालतोय. अशा जागी बातमीत आलेल्या एका माणसाला बाजूला केल्यावर शेजारच्या खुर्चीतला माणूस काय शिकतो? जपून वागायला शिकतो म्हणाल तर आपण माणूस ओळखत नाही. तो झाकायला शिकतो.

अमेरिकेने १९७६ मध्ये यावर एक तोडगा काढला. पायलटने, कंट्रोलरने आपली चूक आपणहून लिहून कळवायची, पण ज्याच्या हातात परवाना रद्द करायची ताकद आहे त्या खात्याला नव्हे. कळवायची नासाला. नासा नावगाव खोडते, अर्थ काढते, सगळ्यांना सांगते. चूक जाणूनबुजून केलेली नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर दंड माफ. ब्रिटनमध्येही १९८२ पासून अशीच स्वतंत्र व्यवस्था आहे. आपल्याकडेही ऐच्छिक नोंदीची सोय आहे, पण ती डीजीसीएकडे, म्हणजे छडी ज्यांच्या हातात त्यांच्याकडेच. वर्गशिक्षकांच्या टेबलावर तक्रारपेटी ठेवली तर तिच्यात चॉकलेटचे कागद सापडतात. हे काम बंगळूरच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेसारख्या, ज्यांना कुणाचा परवाना काढून घेता येत नाही अशा संस्थेला द्यायला काय हरकत आहे?

यावर हमखास येणारा आक्षेप, की मग निष्काळजी माणसाला मोकळं रान मिळेल. नाही मिळणार. दारू पिऊन आलेला, नियम ठाऊक असून मोडलेला, यांना या सवलतीत जागाच नाही. आणि ज्या चुका आपण पकडतो त्या अशाही बातमीत येतातच. मला हव्यात त्या न आलेल्या. एखादी कंट्रोलर रात्रपाळी संपवून, टॉवरचा जिना उतरून चहाच्या टपरीवर उभी आहे. पाचच्या सुमारास एका विमानाने उंची चुकीची म्हणून दाखवली होती. ती कानावरून गेली, त्याच पायलटने अर्ध्या मिनिटाने स्वतःच विचारून दुरुस्त केली. काही झालं नाही. कुणाला कळलंही नाही. हे दोन ओळींत लिहायचं म्हटलं, तर आज तो कागद तिने नेमका कुणाच्या हातात द्यायचा?